ढोकेभाऊंचं हातवळण

तीन शहरांना पाणी पाजणाऱ्या त्रिधारा जलसंस्थेत एके काळी पासवर्ड हे गुपित नव्हतंच. पाण्याच्या माठासारखी ती सगळ्यांची सामायिक वस्तू होती. कोणी रजेवर निघालं की जाता जाता शेजारच्याला सांगून जायचं, माझ्या नावानं उघड आणि तेवढा अहवाल पाठवून दे. पासवर्ड विचारल्यावर आढेवेढे घेणारा माणूस म्हणजे डब्यातली भाजी झाकून खाणारा माणूस, असा तिथला सरळ हिशेब होता. कार्यकारी अभियंता गिरीपुंजे साहेबांचा पासवर्ड त्यांच्या नातीच्या नावाचा होता आणि तो कँटीनवाल्यालाही पाठ होता. दर तिमाहीला पासवर्ड बदलायची सक्ती आली, तेव्हा साहेबांनी शेवटचा आकडा एकानं वाढवला. तो आता कितीवर गेला असेल, याचा अंदाज बांधणं हा दुपारच्या जेवणातला विरंगुळा होता.

सुनेत्रा भोयर या संस्थेची माहिती सुरक्षा अधिकारी. लोकांच्या मते तिचं काम म्हणजे चांगल्या चाललेल्या कामात काड्या घालणं. तिनं परिपत्रकं काढली, भिंतींवर फलक लावले, लांबलचक पासवर्ड सक्तीचे केले. ते कोणाच्या लक्षात राहीनात, म्हणून चिकटपट्टीवर लिहून पॅनलच्या मागे डकवले जाऊ लागले. मग तिनं मोबाइलवर येणारा तात्पुरता आकडा सुरू केला, तर लोक मोबाइलच शेजाऱ्याकडे ठेवून जेवायला जाऊ लागले. चोराचा बंदोबस्त करता येतो, पण एवढ्या भल्या माणसांचा कसा करायचा, हे तिला कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवलेलं नव्हतं.

मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पाणी योजनेत कोणीतरी दूर कुठूनतरी शिरलं आणि सगळे पंप बंद पाडून बसलं. एका कर्मचाऱ्यानं दुसऱ्याला सांगितलेला पासवर्ड तिसऱ्याच्या हाती लागला होता, एवढंच घडलं होतं. त्या शहरात पाण्यासाठी मारामाऱ्या झाल्या. त्रिधाराचे संचालक खडबडून जागे झाले आणि सुनेत्रा दोन वर्षं मागत होती ते नवं कुलूप एका बैठकीत मंजूर झालं. त्या कुलपाचं नाव होतं हातवळण.

कल्पना साधी होती. माणूस पासवर्ड सांगतो, कारण तो त्याला ठाऊक असतो. मग त्याला ठाऊकच नसलेला पासवर्ड दिला तर? सायकलवर तोल कसा सांभाळायचा हे आपल्याला सांगता येत नाही, पण अंगाला ते येत असतं. हातवळण नेमकं तेच करायचं. पडद्यावर सहा उभ्या पट्ट्यांतून ठिपके खाली घसरत यायचे आणि ठिपका तळाच्या रेषेला टेकला की त्या पट्टीची कळ दाबायची. पोरांचा खेळच तो. रोज थोडा वेळ असा आठवडाभर खेळायचा. ठिपके कसेही येताहेत असं वाटायचं, पण त्यांत तीस कळांची एक ठरावीक ओळ पुन्हा पुन्हा लपवलेली असायची आणि ती प्रत्येकाची वेगळी असायची. आठवड्यानंतर कोणाला विचारलं, तर त्याला त्या ओळीतल्या चार कळाही सांगता यायच्या नाहीत. बोटांना मात्र ती येत असायची.

पुढे रोज आत शिरताना मिनिटभर तोच खेळ. त्यात यंत्र तुमची ओळ आणि परक्या ओळी मिसळून द्यायचं. परक्या ओळीपेक्षा स्वतःच्या ओळीत बोटं किंचित लवकर पडायची, किंचित कमी चुकायची. हा जो फरक, तीच किल्ली. फरक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की हिरवा दिवा, नाही तर लाल. कोणाचं बोट कापलं, ताप आला, तर त्याची मर्यादा तात्पुरती खाली आणायची सोय होती आणि तो अधिकार सुनेत्राकडे होता. ही किल्ली लिहून ठेवता येत नव्हती, फोनवर सांगता येत नव्हती, गळ्याला सुरी लावली तरी देता येत नव्हती.

कर्मचाऱ्यांच्या सभेत तिनं हे सगळं समजावलं, तेव्हा शुद्धीकरण केंद्राचे मुख्य ऑपरेटर दिवाकर ढोके उभे राहिले. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. संस्थेतल्या प्रत्येक झडपेची खोड त्यांना माहीत होती. सुनेत्रा नवीन आली, तेव्हा तिला संगणक येत होता, पाणी येत नव्हतं. भाऊंनी तिला गाळणीच्या टाक्यांवरून हिंडवलं होतं, गढूळ पाण्यात तुरटी कशी गाळ धरते ते काचेच्या पेल्यात दाखवलं होतं, आणि पाण्याला नाक लावून क्लोरीन ओळखायला शिकवलं होतं. तिच्या वडिलांनंतर तिला अगं-तुगं करून रागावणारा तो एकच माणूस उरला होता.

भाऊंनी विचारलं, हे यंत्र आमचे हात पाहते, तर आणखी काय काय पाहते?

सुनेत्रानं सांगितलं, की काही नाही. कुलूप ते कुलूपच. कोण थकलाय, कोण आजारी आहे, कोणाचं कामात लक्ष नाही, असलं काही आम्ही त्यातून बघणार नाही आणि कोणाला सांगणार तर मुळीच नाही. तिनं सगळ्यांसमोर शब्द दिला. भाऊ म्हणाले, झालं तर मग, आणि पहिल्या दिवशी पहिल्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग सगळे आले.

हातवळण बसलं आणि संस्थेतली हवा बदलली. आता कोणाला कोणाच्या नावानं काही उघडून देता येईना. लग्नाला जायचं तर रीतसर रजा आणि रीतसर बदली माणूस. गिरीपुंजे साहेबांचे अहवाल कारकून पाठवायचा, ते साहेबांना स्वतः पाठवावे लागू लागले, तेव्हा ते किती दिवस उशिरा जातात हेही सगळ्यांना कळलं. लोकांनी सुनेत्राला मनातून बऱ्याच शिव्या घातल्या. पण वर्षभरात बाहेरून शिरायचे प्रयत्न झाले ते सगळे दारातच अडकले आणि तिला पहिल्यांदाच आपण काहीतरी नीट केलं असं वाटलं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला भाऊंना लाल दिवा लागायला लागला. आधी क्वचित, मग आठवड्यातून दोनदा. यंत्र पुन्हा खेळायला लावायचं, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हिरवा लागायचा. भाऊ म्हणायचे, वय झालं. सुनेत्राला वाटलं यंत्रातच दोष असेल, म्हणून तिनं त्यांची वर्षभराची नोंद उघडली. बघणार नाही म्हणून शब्द दिलेली गोष्ट ती बघत होती, पण दुरुस्तीसाठी बघतेय असं तिनं स्वतःला सांगितलं. भाऊंच्या किल्लीची, म्हणजे त्या फरकाची, रेघ महिन्यामागून महिना खाली उतरत होती. बाकी कोणाचीही तशी नव्हती, भाऊंहून म्हाताऱ्या माणसांचीही नव्हती.

हातवळण तयार करणाऱ्या चमूतल्या मेंदूतज्ज्ञ डॉक्टर आगलावे नागपूरला असत. नाव न सांगता सुनेत्रानं त्यांना ती रेघ पाठवली. त्यांनी फोन केला आणि आधी बराच वेळ चाचपडत बोलल्या. मग त्यांनी समजावलं. पाठ केलेली गोष्ट मेंदूच्या एका भागात राहते आणि अंगवळणी पडलेली दुसऱ्या. मेंदूच्या तळाशी, आत खोल, पेशींचे काही पुंजके असतात, अंगवळणी पडलेलं सगळं त्यांच्याकडे. कंपवात होतो, तेव्हा हेच पुंजके आधी खचायला लागतात. हात थरथरायला लागतो तो फार उशिरा, त्याच्या कित्येक महिने आधी हातांचं हे न कळता शिकलेलं शहाणपण ओसरायला लागतं.

"हे निदान नाही, शंका आहे," आगलावेबाई म्हणाल्या. "पण माझ्या भावाची ही रेघ असती, तर मी त्याला उद्याच तपासायला आणलं असतं. आता आजार रेंगाळवणारं औषध निघालंय. ते लवकर सुरू केलं तरच चालतं."

फोन ठेवल्यावर सुनेत्राला रडू आलं. मग तिला भीती वाटली आणि भीतीनं तिला फार लवकर शहाणं केलं. भाऊंना सांगायचं म्हणजे आपण बघितलं हे कबूल करायचं. हे कुलूप माणसाच्या डोक्यातलं वाचतं अशी बातमी दुपारपर्यंत तिन्ही शहरांत पोचली असती. कर्मचाऱ्यांनी हातवळण उपटून फेकलं असतं आणि पुन्हा चिकटपट्ट्या आल्या असत्या. आणि भाऊंची खुर्ची? आजारी माणसाच्या हाती क्लोरीन कोण ठेवणार होतं? निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. तिनं दोन-तीनदा आडून आडून सुचवलं, भाऊ, एकदा सगळं तपासून घ्या ना. भाऊ म्हणाले, खांदा जरा धरतो थंडीत, बाकी ठणठणीत आहे. तिनं तेवढ्यावर समाधान मानलं.

आणि मग तिनं ते केलं, जे त्या संस्थेतल्या कोणत्याही भल्या माणसानं केलं असतं. तिनं भाऊंची मर्यादा खाली आणली. थोडी, मग आणखी थोडी. लाल दिवा लागायचा थांबला. भाऊ खूश झाले, म्हणाले, पाहा, थंडी गेली अन् हात मोकळा झाला. चिकटपट्टीवर पासवर्ड लिहिणाऱ्यांना इतकी वर्षं रागावणारी सुनेत्रा आता त्यांच्यातलीच एक झाली होती, फक्त तिची चिकटपट्टी कोणाला दिसत नव्हती.

फाल्गुनात एके सकाळी वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नदी एकाएकी गढूळ झाली. असं झालं की तुरटी आणि क्लोरीनची मात्रा वाढवावी लागते. ती वाढवताना भाऊंच्या पॅनलवरून तुरटीचा आकडा क्लोरीनच्या रकान्यात गेला. तुरटी लागते क्लोरीनच्या कितीतरी पट. यंत्रानं खात्री आहे का म्हणून विचारलं, कोणीतरी हो म्हटलं, आणि झडप सताड उघडली. चूक लवकरच लक्षात आली, पण तोवर तीन शहरांतल्या हिवरानगरच्या दिशेनं पाणी निघून गेलं होतं. तिथं आंघोळीला बसलेल्यांचे डोळे चुरचुरले. हे निभावलं असतं, पण तिथल्या डायलिसिस केंद्रातही तेच पाणी जात होतं. केंद्राच्या गाळण्यांना तेवढा क्लोरीन आवरला नाही. यंत्रं तातडीनं बंद केली, तरी एका बाईंच्या रक्तात तो उतरला. त्या आठवडाभर अतिदक्षता विभागात होत्या आणि तो आठवडा त्रिधारात कोणी कोणाशी धड बोललं नाही. त्या वाचल्या.

नोंदीत नाव होतं दिवाकर ढोके. गिरीपुंजे साहेबांनी बोलावून विचारलं, तेव्हा भाऊंनी एका वाक्यात सांगितलं की आकडा मीच टाकला, चुकलो. चौकशी समिती नेमली गेली, पण ती नावापुरती. वर्तमानपत्रात भाऊंचं नाव छापून आलं. हिवरानगरच्या लोकांनी फाटकासमोर येऊन त्यांच्या नावानं घोषणा दिल्या. ज्या माणसानं तीस वर्षं तीन शहरांना पाणी पाजलं, तो आता पाण्यात विष कालवणारा ठरला होता आणि बडतर्फीचा कागद तेवढा निघायचा राहिला होता.

सुनेत्रानं त्या सकाळची नोंद काढली. आत शिरताना जो खेळ खेळला गेला, त्यातली एकेक कळ तिथं होती. ती तिनं शेवटपर्यंत दोनदा पाहिली. तो हात चपळ होता, पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत. भाऊंचा हात गेले कित्येक महिने इतका चपळ नव्हता. आणि भाऊंच्या ओळीत व परक्या ओळीत त्या हाताला काडीचाही फरक जाणवलेला नव्हता. ती ओळ त्या हातानं कधी शिकलीच नव्हती. मर्यादा जागेवर असती, तर यंत्रानं त्याला उभंसुद्धा केलं नसतं. पण मर्यादा तिनं इतकी खाली आणून ठेवली होती, की त्या दारातून कोणीही जाऊ शकलं असतं. त्या सकाळी कंट्रोल रूममध्ये भाऊंखेरीज एकच माणूस होता, पंपांचा ऑपरेटर प्रफुल्ल खंडारे.

ती संध्याकाळी भाऊंच्या घरी गेली. काकूंनी चहा ठेवला आणि भाऊंनी नजरेनंच त्यांना आत पाठवलं. सुनेत्रानं नोंदीबद्दल सांगितलं, तेव्हा भाऊंनी काही लपवलं नाही. त्या सकाळी त्यांची बोटं आखडली होती, म्हणून ते शेजारच्या खोलीत गरम पाण्यात हात धरून बसले होते. इकडे नदीचा गढूळपणा चढत होता आणि रिकाम्या खुर्चीपुढचा पडदा आपोआप कुलूपबंद झाला होता. खंडारेनं हाका मारल्या, त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत. खंडारेला फक्त पंप हाताळायची मुभा. काहीतरी करायला हवं म्हणून तो भाऊंच्या खुर्चीत बसला आणि सहज खेळून पाहिलं, तर दार उघडलं आणि घाईत त्याच्याकडून आकडा भलत्या रकान्यात पडला. भाऊंना बोलणी बसू नयेत म्हणून त्यानं हे केलं होतं.

"त्याची लेकरं लहान आहेत," भाऊ म्हणाले. "माझी नोकरी सरलीच आहे. मीच त्याले गप्प बस म्हणलं."

मग ते म्हणाले, दार उघडलंच कसं, हे मले समजलं नाई. ते रोखून बघत होते. सुनेत्रानं कपातला चहा तसाच ठेवला आणि सगळं सांगितलं. रेघ, आगलावेबाई, कंपवात, मर्यादा. बोलताना तिला त्यांच्याकडे बघवेना. भाऊ बराच वेळ उजवा हात डाव्या हातानं चोळत राहिले.

"तुले कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"एवढे महिने तू रोज मले पाहून राहिली अन् बोलली नाई?"

तिनं शब्दाचं सांगितलं. सगळ्यांसमोर दिलेला शब्द, बघणार नाही म्हणून. भाऊंचा आवाज चढला नाही, पण तिला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"शब्द तू लोकाइले सांगणार नाई म्हणून दिला होता, पोरी. मले बाजूले घेऊन सांगितलं असतं, तर कोणता शब्द मोडला असता? दवाई लवकर घेतली तरच चालते म्हणतेस. ते महिने आता कोण देईल मले?"

ती एवढंच म्हणाली, की उद्या समितीपुढे मी सगळं सांगते. तुमच्या नावावरचा डाग तरी जाईल. भाऊंनी नकारार्थी मान हलवली.

"माझ्या हाताचं तिथं एक अक्षर बोलायचं नाई. लोकांनी मले चुकला म्हणलेलं चालते. बिचारा म्हणलेलं चालणार नाई."

दुसऱ्या दिवशी सभागृहात गिरीपुंजे साहेब आणि दोन संचालक समोर बसले होते. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला साक्षीदार म्हणून खंडारे. खंडारेची मान खाली होती आणि ती वर येण्याची चिन्हं नव्हती. साहेबांना जेवणाच्या सुट्टीआधी प्रकरण संपवायचं होतं. ढोक्यांनी कबूल केलंय, मग चर्चा कशाची, असं ते म्हणत होते, तेव्हा सुनेत्रा उठली. तिनं सांगितलं की त्या सकाळी पॅनल उघडणारा हात भाऊंचा नव्हता. कोणाचाही हात आत जाऊ शकला असता, कारण भाऊंची मर्यादा तिनं स्वतः, कोणाला न विचारता, नियम मोडून खाली आणली होती.

साहेबांनी चष्मा काढला. "का?"

"ते मी सांगू शकत नाही. ते सांगायचा हक्क माझा नाही."

हे असलं उत्तर सरकारी टेबलापुढे चालत नाही. एक संचालक म्हणाले की म्हणजे बाईंनी पाण्याचं कुलूप मुद्दाम उघडं ठेवलं. दुसरे म्हणाले, बाहेरच्या कोणासाठी ठेवलं, हे आता पोलिसच विचारतील. साहेबांनी लेखनिकाला लिहून घ्यायला सांगितलं, की सुनेत्रा भोयर यांना आजपासून निलंबित करण्यात येत आहे आणि घातपाताच्या संशयावरून फिर्याद देण्यात येईल. भाऊंचा कबुलीजबाब तसाच राहील, त्याला धक्का लागायचं कारण नाही. सुनेत्रा उभीच होती. तिनं भाऊंकडे मान वळवली नाही. वळवली असती, तर ते मागणं झालं असतं.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. भाऊ उठून सभागृहातल्या संगणकाकडे गेले होते.

"साहेब, हे चालू करा अन् मोठ्या पडद्यावर दाखवा," ते म्हणाले. "माझ्या लाजेपायी पोरीले तुरुंगात जाऊ देत नाई मी."

ठिपके घसरायला लागले. भाऊंची डावी बोटं बरी पडत होती, पण उजवी प्रत्येक वेळी उशिरा पोचत होती, जणू दाबायचं की नाही हे आधी आपसांत ठरवत होती. पाच-सहा ठिपके तर तसेच निघून गेले. ज्या हातांनी बंद पडलेल्या झडपा अंधारात चाचपून सोडवल्या होत्या, ते हात सहा कळांशी झुंजत होते आणि सगळं सभागृह बघत होतं. मिनिट संपलं. सुनेत्रानं मर्यादा मूळ जागी धरून निकाल मागितला. लाल दिवा लागला.

तिनं विचारलं, "भाऊ, सांगू?"

"सांग आता."

तिनं पडद्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि साध्या शब्दांत सांगितलं. त्या सकाळचा हात चपळ होता, पण परका होता. दोन्ही ओळी त्याला सारख्याच. हा हात मंद आहे, पण स्वतःच्या ओळीत तो अजूनही केसभर लवकर पडतो. किल्ली झिजली आहे, तरी ती भाऊंचीच आहे. एवढा चपळ खेळ भाऊ आज खेळू शकत नाहीत, त्या दिवशीही खेळू शकले नसते. आजाराचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, समोर बसलेल्यांपैकी दोघांनी आपापल्या घरात ते पाहिलेलं होतं.

खंडारे उभा राहिला. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि तिसऱ्यांदा त्याच्या तोंडून निघालं, "मी बसलो होतो खुर्चीवर." मग तो तोंड झाकून रडायला लागला आणि भाऊंनीच जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला.

निकाल लागायला आठवडा गेला. भाऊंवरचा ठपका निघाला आणि तसं वर्तमानपत्रात छापूनही आलं, अर्थात आतल्या पानावर. खंडारेची वेतनवाढ थांबली आणि बदली झाली. नोकरी वाचली, कारण भाऊंनी साहेबांच्या केबिनमध्ये तासभर ठाण मांडलं होतं. सुनेत्राचं निलंबन आणि फिर्याद रद्द झाली, पण तिला सुरक्षा अधिकारी पदावरून काढून पाणीपट्टी वसुलीच्या विभागात पाठवलं. तिनं तक्रार केली नाही. कर्मचाऱ्यांची सभा बोलावून तिनं सांगून टाकलं होतं, की कुलपातून हेही दिसतं आणि मी ते पाहिलं. पुष्कळ आरडाओरडा झाला. शेवटी ठराव झाला, की असं काही दिसलं तर ते ज्याचं त्याला, त्या एकट्यालाच आणि लगेच सांगायचं. हातवळण राहिलं.

पद सोडायच्या आदल्या दिवशी तिच्याकडे एकच काम उरलं होतं. भाऊंची मर्यादा अजून खालीच होती. ती पुन्हा जागेवर नेली, की शुद्धीकरणाचं पॅनल भाऊंना यापुढे उघडणार नव्हतं. त्यांना आता नव्या ऑपरेटरांना शिकवायचं काम दिलं होतं. त्यासाठी पॅनल उघडावं लागत नाही, पण म्हणून काय झालं. सकाळपासून तिनं ते काम दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.

दुपारी भाऊ स्वतःच कंट्रोल रूममध्ये आले. नागपूरहून परतले होते, शंका खरी ठरली होती, गोळ्या सुरू झाल्या होत्या. आगलावेबाई म्हणाल्या की अगदीच उशीर झालेला नाही, पण आधी यायला हवं होतं. हे भाऊंनी सुनेत्राला सांगितलं आणि त्यात तिखटपणा नव्हता, तरी तिला ते लागलं. ते तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले आणि पडद्यावर आपलं नाव वाचत राहिले.

"काहून थांबली?" ते म्हणाले. "दाब."

तिनं आकडा मूळ जागी नेला आणि बटण दाबलं. झालं, असं ती म्हणाली.

भाऊ उठले. ते आपल्या जुन्या खुर्चीत जाऊन बसले, पॅनल जवळ ओढलं आणि खेळायला लागले. सुनेत्राला कळेना, ते असं का करताहेत. मग तिच्या लक्षात आलं. घराला कुलूप लावलं की माणूस ते एकदा ओढून पाहतो, तसं चाललं होतं. ठिपके घसरत होते, उजवी बोटं मागे पडत होती, आणि भाऊ एकही ठिपका न सोडायचा प्रयत्न करत होते. मिनिट संपलं आणि लाल दिवा लागला. यंत्रानं विचारलं, पुन्हा प्रयत्न करायचा का? भाऊंनी नाही दाबलं.

"लागलं," ते म्हणाले. "बरोबर लागलं." आणि खुर्ची पुढच्या माणसासाठी सरळ करून ठेवून ते बाहेर गेले.